बास्केटबॉल सामन्याला डीजे की ढोल-ताशा?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत स्पर्धा भरवताना संयोजकांचं घोडं हमखास इथेच अडतं. दणका दोन्हींनी होतो, पण गर्दी खेळात गुंतायला हवी असेल तर आवाज कधी थांबवता येतो, हे आधी पाहा.

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत टाइमआउट 1 मिनिटाचा, त्यातही 50 सेकंदांना इशाऱ्याचा बझर. हाफटाइम 15 मिनिटांचा. टाइमआउटमध्ये डीजे सरस ठरतो, कारण फेडर (आवाजाची सरकती कळ) खाली ओढला की विषय संपला. ताशाची तर्री, म्हणजे सलग जलद वादन, रंगात आली की हात आवरत नाही. वर पत्र्याचं छप्पर असेल तर ढोलाचा घुमार मागे रेंगाळतो, त्यात नेम लावण्याची 24 सेकंदांची मुदत संपल्याचा बझर बुडतो. खेळाडूला तो ऐकूच येत नाही, तो बॉल टाकतो, बास्केट होते, पंच ती रद्द करतात आणि दोन्ही बाकांवरून आरडाओरडा सुरू होतो.

तरीही आमचा कल ताशाकडे आहे. डीजेवर लोक मोबाइल काढतात. ताशावर टाळ्यांचा ठेका धरतात, आणि तोच ठेका पुढे बचावाच्या वेळी आपसूक उठतो. फक्त पथक नको. बंद हॉलमध्ये एक ताशा, एक ढोल पुरे. वादक स्कोअरर टेबलाच्या समोरच्या बाजूला बसवा आणि त्यांना हात दाखवून थांबवणारा एक माणूस नेमा.

आवाज पूर्ण बंद ठेवणं हाही उपाय नव्हे. 5 मार्च 2017 रोजी अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या न्यूयॉर्क निक्स संघाने वॉरियर्स संघाविरुद्धचा पूर्वार्ध संगीत आणि व्हिडिओविना खेळवला होता. वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनने नंतर त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. खेळाडूंनाही त्या आवाजाची सवय झालेली असते.

बक्षिसांचं गणित वेगळं. टी-शर्ट भिरकावले तर दहा जणांना मिळतात, बाकीचे हिरमुसतात. शिवाय पोरं साइडलाइन ओलांडून धावतात. अर्ध्या कोर्टवरून नेम लावण्याची स्पर्धा हाफटाइमला चांगली चालते, पण तिथून रिंग जवळपास साडेबारा मीटर लांब. सरावाशिवाय बॉल बोर्डापर्यंतही पोचत नाही, म्हणून दोन प्रयत्न फ्री थ्रो लाइनवरून (फाउलनंतर मोफत नेम लावतात त्या जवळच्या रेषेवरून) द्या. सगळ्यांत जास्त गलका होतो तो ‘पाहुण्या संघाचे दोन्ही फ्री थ्रो चुकले तर सगळ्यांना सरबत’ या घोषणेने, कारण त्या क्षणी अख्खी गर्दी एकाच बॉलकडे बघत असते. मात्र 60 टक्के नेम असलेला खेळाडूही साधारण सहापैकी एकदा दोन्ही चुकवतो. 400 प्रेक्षक, 15 रुपयांचा ग्लास, म्हणजे एका वेळचे 6,000 रुपये. त्यामुळे योजना चौथ्या क्वार्टरपुरती ठेवा, सामन्यात एकदाच.

घोडबंदर रोडवरच्या किंवा कोपरखैरण्यातल्या उघड्या कोर्टावर सोसायट्या खेटून असतात. तिथे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री 10 नंतर डीजे बंद आणि ढोलही बंद. शाळा, रुग्णालय 100 मीटरच्या आत असेल तर शांतता क्षेत्र लागू होऊ शकतं. अशा जागी निवेदकासाठी दोन छोटे स्पीकर घ्या, तोंडं कोर्टकडे वळवा आणि माइक त्यांच्या मागे ठेवा. पुढे ठेवलात की शिट्टी मारतो, आणि पंचांचीच शिट्टी वाजली समजून खेळाडू जागच्या जागी थांबतात.