एकट्या माणसाचा अर्धा डबा: आठ महिन्यांचा अनुभव

देवरुखच्या बाजारपेठेत राहणाऱ्या एक ताई घरी डबे करतात आणि त्यांचा भाचा स्कूटरवरून ते आमच्या बाजूच्या वाड्यांत पोचवतो. गेले आठ महिने मी दुपारचा डबा घेते. पूर्ण डबा ७० रुपये, अर्धा ४५. एक तांदळाची भाकरी, भाजी, आमटी आणि मूदभर भात, एवढं अर्ध्यात येतं. मला तेवढंच लागतं.

एकटीसाठी रांधायचा कसा कंटाळा येतो, ते एकटं राहिल्याशिवाय कळत नाही. मूठभर तांदूळ लावायचे, त्यातला निम्मा भात रात्री, आमटी दोन दिवस तीच. शेवटी चहात पाव बुडवून झोपायचं. हे गेल्या वर्षी माझं रोजचंच झालं होतं.

ताईंची कुळथाची पिठी उत्तम, आमसूल बेताचं. काळ्या वाटाण्याची उसळ इतकी मऊ की कवळी काढून ठेवली तरी खाता येते. फणसाच्या दिवसांत कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी ओलं खोबरं घालून आली होती, तिची चव अजून जिभेवर आहे. बुधवारी नि रविवारी मासे, त्याचे ३० रुपये वेगळे. मीठ मात्र आमच्या वयाला जास्त पडतं. मी दोनदा सांगितलं, आता माझ्या डब्यापुरतं कमी असतं. दुसरी तक्रार पावसाळ्यातली. पऱ्याला पाणी चढलं की स्कूटर अलीकडे येत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण फोन तरी करायला हवा. जुलैत दोन दिवस मी दोन वाजेपर्यंत ओटीवर वाट बघत बसले होते.

भाच्याकडे एक वही आहे. आमच्या तीन वाड्यांतले अकरा डबे तीत लिहिलेत. नऊ बायका आणि मुंबईहून निवृत्त होऊन आलेले दोन पुरुष. ती नावं वाचून मला माझा जुना कागद आठवला.

मी प्राथमिक शिक्षिका होते. २०११च्या जनगणनेत याच वाड्या माझ्याकडे होत्या. आदल्या उन्हाळ्यात घरयादी करताना कितीतरी दारांवर कुलपं मिळाली आणि फेब्रुवारीत माणसं मोजताना कुलपं नसलेल्या घरांतही बायकाच भेटल्या. नियम असा, की त्या दिवसांत जो इथे राहतच नाही त्याला इथे मोजायचं नाही. एक आई माझा हात धरून म्हणाली, "बाई, पोराचं नाव लिवा ना, शिमग्याला येतोच की तो." रेशनकार्डावर नाव होतं, भिंतीवर त्याचा फोटो होता. मी लिहू शकले नाही. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचा डबा माझ्या आधी येतो.

आकडे आले तेव्हा राज्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाचीही घटली. हजार पुरुषांमागे आमच्याकडे ११२२ स्त्रिया, राज्यात ९२९. तेव्हा कितीतरी जणांनी कौतुक केलं, कोकणात मुलींना मान आहे म्हणून. मला ते ऐकवत नसे. सहा वर्षांखालच्या मुलांत हेच प्रमाण इथेही हजाराच्या खाली होतं. मोठेपणी मुली वाढत नाहीत, मुलगे मुंबई-ठाण्याला जातात, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून या सेवेची एक गोष्ट मुद्दाम सांगते. आदल्या दिवशीचा रिकामा डबा ओटीवर दिसला नाही, तर तो मुलगा हाक मारतो. ओ आली नाही तर मागच्या दाराने बघतो. मार्चमध्ये त्या आजी तापाने माजघरात पडून होत्या. त्यानेच शेजाऱ्यांना बोलावलं, मुलाला नालासोपाऱ्याला फोन केला आणि रिक्षा आणली. याचे पैसे ताई लावत नाहीत. मला विचाराल तर ४५ रुपयांतले निम्मे त्या हाकेचेच आहेत.

मुंबईला राहून इथल्या आईसाठी डबा लावणार असाल, तर महिन्याचे पैसे एकदम भरा आणि पथ्य पहिल्याच दिवशी सांगा. रात्री आठच्या आत कळवलं तर दुसऱ्या दिवशीपासून सुरू होतो.

गणपतीत डबा बंद असतो. त्या दिवसांत कुणी मागतही नाही. माझ्याकडे तेरा माणसं असतात आणि तांदूळ मी पायलीने काढते.