हाताने चिकटवलेलं कव्हर काही महिन्यांनी: एका इंडी एलपीचा अनुभव

रेकॉर्डच्या कव्हरबद्दल लिहिणारे बहुतेक जण पार्सल फोडल्या दिवशीच लिहून मोकळे होतात. त्या दिवशी सगळंच देखणं असतं. ही इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय काढलेली, एलपी (सुईने वाजणारी मोठी रेकॉर्ड) माझ्याकडे बरेच महिने आहे आणि सतत वाजते, म्हणून आता लिहितोय. संगीताबद्दल एवढंच: तीन जणांचा बँड, संथ आणि लांब गाणी, रेकॉर्डिंग खोलीतच केलेलं, मध्येच खुर्ची करकरल्याचा आवाजही तसाच ठेवलेला. बँडचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि ही कव्हरं त्यांनी स्वतः बसून चिकटवलीत.

कव्हर तपकिरी पुठ्ठ्याचं, लॅमिनेशन नाही. पुढे ना बँडचं नाव, ना अल्बमचं. फक्त वरून चिकटवलेला एक कृष्णधवल फोटो. मागे रबरी शिक्का, खाली पेन्सिलने लिहिलेला प्रतीचा क्रमांक. आत गाण्यांच्या शब्दांचा कागद, रिसोग्राफवर (फोटोकॉपीसारखं दिसणारं, स्टेन्सिलने छापणारं यंत्र) निळ्या शाईत छापलेला. हातात घेतल्याबरोबर कळतं की या लोकांना 'आम्ही विकायला बसलेलो नाही' असं सांगायचंय. अर्थात, विकायला बसलेलेच आहेत, त्याशिवाय ती माझ्याकडे कशी आली असती?

ही भाषा त्यांनी शोधलेली नाही, हेही सांगायला हवं. 1979 साली जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमच्या पुढच्या बाजूला डिझायनर पीटर सॅव्हिलने नाव न छापता फक्त एका पल्सरच्या, म्हणजे नियमित रेडिओ स्पंदनं सोडणाऱ्या ताऱ्याच्या, लहरींचा आलेख ठेवला. खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशात तो पांढऱ्यावर काळा होता, सॅव्हिलने तो काळ्यावर पांढरा केला. आज ते चित्र टी-शर्टवर मिरवणाऱ्या कित्येकांनी तो अल्बम ऐकलेलाही नसतो. फोटो चिकटवायची पद्धत मात्र मला थेट गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या मॉन्ट्रियलच्या बँडकडून आलेली दिसते. 1997 च्या त्यांच्या एलपीत हाताने लावलेला फोटो होता आणि एका छोट्या पाकिटात आगगाडीखाली चपटं केलेलं नाणं. ते नाणं कुठल्याही फाइलमधून पाठवता येत नाही, म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिलं.

आता वापराचं. पुठ्ठा झकास टिकलाय. कोपरे मऊ पडले, आतल्या रेकॉर्डचा गोल वर उमटायला लागला, पण तपकिरी रंगावर ते शोभतं. माझ्याकडे दुसऱ्या एका बँडचं मॅट लॅमिनेशन केलेलं काळं कुळकुळीत कव्हर आहे. त्यावर बोटांचे ठसे पहिल्या आठवड्यातच उठले, आणि घासून पडलेलं पांढरट वर्तुळ तर पुसताही येत नाही. त्या बँडची सगळी ऐट थंड, यंत्रासारख्या काटेकोरपणाची, आणि कव्हर दिसतं हॉटेलच्या मेनूकार्डासारखं. इथे उलट झालंय. झीज बँडच्या बाजूने काम करते.

फोटोबद्दल तसं म्हणवत नाही. वरचा डावा कोपरा सुटलाय, कारण गोंद कडांपर्यंत पोचलेलाच नाही. रेकॉर्ड कपाटात सरकवताना तो कोपरा शेजारच्या कव्हरला अडकतो आणि आणखी दुमडतो. हाताने केलंय म्हणून मी पहिले काही आठवडे ते कौतुकाने बघत होतो. आता वैताग येतो.

आणि ती निळी शाई! रिसोग्राफची शाई तेलकट असते. साध्या कागदात मुरते, पण पूर्ण वाळत नाही. शब्द वाचायला कागद धरला की अंगठा निळा. तो कागद ज्या इनरला, म्हणजे रेकॉर्डच्या आतल्या पाकिटाला, टेकून असतो त्यावर दुसऱ्या गाण्याचं कडवं उलटं उमटलंय, चक्क वाचता येतं. द ड्युरुटी कॉलम या ब्रिटिश बँडच्या 1980 च्या अल्बमला फॅक्टरी रेकॉर्ड्स या त्यांच्या कंपनीने सँडपेपरचं कव्हर घातलं होतं, शेजारच्या रेकॉर्ड खरवडाव्यात म्हणून. तो निदान उघड खोडसाळपणा होता. इथे मधे पातळ बटर पेपर घातला असता तरी भागलं असतं.

इनर साध्या कागदाचं, घट्ट. रेकॉर्ड काढताना कागदाचा भुसा खोबणीत बसतो आणि सुई ठेवल्यावर चरचर ऐकू येते. इतक्या शांत गाण्यांना हे परवडत नाही. मी आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं इनर आणलं, तर ते जाड निघालं आणि कव्हरची शिवण ताणायला लागली. म्हणून रेकॉर्ड कव्हरच्या मागे वेगळी ठेवायला लागलो आणि दोन्हींवर मिळून बाहेरची पारदर्शक पिशवी चढवली. पिशवी घ्यायची तर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची घ्या. मऊ पीव्हीसी प्लास्टिक वर्षानुवर्षं लागून राहिलं तर रेकॉर्डवर धुरकट डाग पडू शकतात. पण पिशवी चढवली की पुठ्ठ्याचा खरखरीतपणाच हाताला लागत नाही, आणि या कव्हरचं अर्धं बोलणं तर त्या स्पर्शातच आहे. शेवटी पिशवी काढून टाकली. झिजू दे.

फोनवर हा अल्बम म्हणजे एक तपकिरी चौकोन, मधे राखाडी ठिपका. साधारण 31 सेंटिमीटरच्या कव्हरवर जी रिकामी जागा भारदस्त वाटते ती तिथे नुसती चूक वाटते. फोटोच पूर्ण चौकोनभर लावायला काय हरकत होती? सीडीचं पुठ्ठ्याचं पाकीट मित्राकडे आहे, तेही घट्ट, आणि सीडीवर बारीक ओरखडे आलेत.

अशा कव्हरांची तुलना करताना मला स्पिरिच्युअलाइज्ड या ब्रिटिश बँडची 1997 ची औषधाच्या पाकिटातली सीडी आठवते. विशेष आवृत्तीत फॉइल फोडल्याशिवाय ऐकताच येत नाही. वापरणं म्हणजेच मोडणं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. आपल्या या बँडने कव्हर कसं दिसेल याचा विचार केलाय, कसं हाताळलं जाईल याचा अर्धाच.

घ्यावी का? पहिल्या आवृत्तीची मिळाली तर जरूर घ्या, फोटोच्या कडांना आल्याबरोबर थोडा गोंद लावा. नवी आवृत्ती मी मित्राकडे पाहिली. त्यात फोटो चिकटवलेला नाही, पुठ्ठ्यासकट सगळं छापलेलं आहे, शिक्क्याच्या फिसकटलेल्या कडेसह. सुटलेल्या कोपऱ्याची सावलीसुद्धा छापलीय, आणि ती प्रत्येक प्रतीवर त्याच जागी आहे. आतला कागद मात्र आता ऑफसेटवर छापलाय. अंगठा निळा होत नाही.