कुत्र्याचं लाइफ जॅकेट : पंचगंगेच्या पुरात आणि विलायतेच्या कालव्यात वापरून

हे जॅकेट हौसेनं घेतलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला आलं तेव्हा आम्हाला बोटीतनं बाहेर काढलं. माणसं जिन्यावरनं बोटीत उतरली, वाघ्या काही उतरेना. १७ किलोचं भिजलेलं गावठी कुत्रं, धरायचं कुठं? मानेला धरलं की गुरगुरतंय, पोटाला धरलं की निसटतंय. शेवटी चादरीत बांधून गाठोड्यासारखं खाली सोडलं. घरातला गाळ काढून झाल्यावर पहिली ऑनलाइन खरेदी केली ती हीच. १,४५० रुपये, मीडियम, भगवा रंग. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे.

माप घेताना वजनाचा तक्ता बघू नका. पुढच्या पायांच्या मागं छातीचा घेर टेपानं मोजा. वाघ्या २४ इंच. पट्टे सैल-घट्ट होतात, त्यामुळं पुढं २२ इंचाच्या कुत्रीलाही हेच बसलं. रंग भगवा किंवा पिवळाच घ्या. लष्करी हिरवा दिसतो रुबाबदार, पण गढूळ पाण्यात कुत्रं कुठं आहे ते कळायला नको काय?

घालायची सवय आधी घरात लावली. पहिले तीन दिवस वाघ्या पुतळ्यासारखा उभा. मग जानेवारीत घाटावर नेला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात तेव्हा पाणी तुंबून शांत असतं. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, बरगे घालणं-काढणं बघण्यात उमर गेली, म्हणून हे सांगतोय. पाठ तरंगते, पण मानेखाली फोमची उशी नाही. पोहताना अडचण नाही. दमलेल्या कुत्र्याची हनुवटी मात्र पाण्याला लागते. एक स्टार तिथंच कापला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा बोट आली. ह्या वेळी पाठीवरचं हँडल धरलं, उचललं, बोटीत ठेवलं. दहा सेकंद. बोटवाला म्हणाला, "काका, नाद खुळा!"

खरी परीक्षा झाली ती विलायतेत. लेक आणि जावईबापू तिकडं असतात, त्यांची बिस्कीट नावाची कॉकर स्पॅनियल आहे. त्यांनी आठवडाभर कालव्यावरची भाड्याची बोट घेतली होती, इंग्लंडातल्या नॅन्टविचजवळून वेल्समधल्या लँगॉलनपर्यंत आणि परत. मी बॅगेत कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्यांशेजारी वाघ्याचं जॅकेट भरलं. सौ. म्हणाली, तिथं मिळत नाही होय? मिळतं, पण पारखलेली वस्तू ती पारखलेली.

ह्या वाटेवर एका बाजूनं २१ लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी पेटी. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या झडपा किल्लीनं फिरवून उघडायच्या. पाणी भरेल तशी बोट वर. आपण पाणी शेतीसाठी अडवतो, तिथं त्याच्याकडून बोट उचलून घेतात. पेटी सात फूट रुंद आणि बोट सहा फूट दहा इंच. कुत्रं बाजूनं पडलं तर दगड आणि लोखंड यांच्यामध्ये जागाच नाही. म्हणून लॉकमध्ये बिस्कीट केबिनमध्ये, दार बंद. हा नियम जॅकेट असो वा नसो.

ग्रिंडली ब्रुकला तीन लॉक एकाला एक जोडून जिन्यासारखे आहेत, तिथं नंबर लावून थांबावं लागतं. थांबलो असताना बिस्कीटनं काठावरचं बदक बघितलं आणि उडी मारली. ती पोचली नाही, काठ आणि बोट यांच्या फटीत गेली. मी ओरडलो, "गिअर काढा!" पाण्यात कुणी पडलं की बोटीखालचा पंखा फिरता ठेवायचा नसतो. जावईबापूंनी न्यूट्रल केलं, बोट पायानं लोटून धरली आणि मी पालथा पडून हँडल पकडलं. भिजलेली कॉकर एका हातानं वर आली. हँडलची शिलाई जशीच्या तशी. छातीवरचं बकल मात्र कडकन तुटलं. पोटाचे दोन पट्टे होते म्हणून जॅकेटमधून निसटली नाही. तेवढ्या पैशात चांगलं बकल घालायला काय होतं? आणखी एक स्टार कापला.

पट्टा अडकवायची रिंग हँडलजवळ दिली आहे. चालताना ठीक, बोटीवर सांभाळा. परतीला न्यू मार्टनच्या लॉकला जावईबापूंनी बोटीवर बसलेल्या बिस्कीटचा पट्टा काठावरच्या खुंट्याला बांधला. पाणी उतरायला लागलं, बोट खाली जायला लागली आणि पट्टा ताठ. मी सोडवला, पण जावयाला बोललो ते सौ.ला आवडलं नाही. असो.

पॉन्टकसल्टेचा जलसेतू मात्र बघण्यासारखाच. १८०५ सालचा, ३०७ मीटर लांब, दरीत ३८ मीटर उंच, लोखंडी पन्हाळीतनं बोट जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला पन्हाळीचा काठ, बास्स. खाली डी नदी. बिस्कीट आत, पडदा ओढलेला, सौ.ही आतच, डोळे मिटून. लँगॉलनला पोचल्यावर मी चालत वर गेलो, जिथं बांध घालून डी नदीचं पाणी कालव्यात वळवलंय. म्हणून ह्या कालव्याला चक्क ओढ आहे, वर जाताना बोट हळू चालते. तिघंजण बोटीत चहा पीत बसले आणि मी तासभर बांध बघत उभा.

वाळायला वेळ लागतो. बोटीच्या छतावर उन्हात संध्याकाळपर्यंत, कोल्हापुरात जुलैमध्ये दोन दिवस, आणि वास येतो तो येतोच. एप्रिलच्या उन्हात कुत्र्याला घालून फिरवू नका, जाड फोममध्ये धाप लागते.

पाचपैकी तीन स्टार. ते तिन्ही हँडलला. घेताना हँडल धरून जॅकेटमध्ये दोन विटा घालून उचलून बघा. शिलाई उसवली तर त्याच दिवशी परत पाठवा.

तुटलेलं बकल महाद्वार रोडच्या बॅगवाल्यानं चाळीस रुपयांत बदलून दिलं, आधीपेक्षा जाड. कशाचं आहे विचारलं. कुत्र्याचं म्हटल्यावर त्यानं हँडलवरही एक जादा शिलाई मारली, तिचे पैसे घेतले नाहीत.