पत्र की सारांश? दहावीच्या मराठीतले सहा गुण

भाचा यंदा दहावीला आहे. गेल्या रविवारी रंकाळ्यावर भेळ खाता खाता म्हणाला, "मामा, पत्र तयार करू की सारांश? सर म्हणतात पत्र, ताई म्हणते सारांश." ताई म्हणजे माझी थोरली. तिच्या दहावीला याच प्रश्नानं आमच्या घरात वर्षभर घोळ घातला होता, म्हणून चार शब्द लिहितो.

मराठीच्या पेपरात पत्र किंवा सारांश यांतलं एकच लिहायचं, दोन्हीला गुण ६. आधी पत्राची बाजू मांडतो, कारण माझी भाकरीच त्यावर आहे. साखर कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर मी पत्रंच लिहितो. परीक्षेतलं पत्र तसं भरवशाचं. दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू हा सांगाडा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. मजकुराचा मालही चौकटीतल्या निवेदनात आयता मिळतो. मराठीची धास्ती असलेल्या पोरालाही तीन-चार गुण सुटतात. क्लासवाले पत्राचा आग्रह धरतात, त्यात चूक काही नाही.

माझं डोकं फिरलं ते त्या सांगाड्यावरच. हे पत्र असतं ई-मेलच्या धाटणीचं, पण लिहायचं पेनानं, पुरवणीवर. सगळं डाव्या बाजूला. आमच्या वेळी पत्ता उजवीकडं आणि खाली पाकिटाची चौकट. मी मोठ्या हौसेनं थोरलीला तेच शिकवलं. सराव परीक्षेत बाईसाहेबांनी ई-मेल पत्त्यासकट पत्र लिहिलं आणि खाली पट्टीनं पाकीट काढून कोपऱ्यात तिकिटाचा चौकोनही रंगवला! दोष माझाच.

ते निस्तरलं तर पुढचं सुरू. विषयाखाली रेघ मारायची का? 'महोदय'नंतर स्वल्पविराम का? शाळेत एक, क्लासात दुसरं, गाईडात तिसरं. तपासणारे एवढ्यावर गुण कापत असतील असं मला वाटत नाही, पण पोरीच्या जिवाला घोर तो घोरच. मराठीच्या पेपरात इंग्रजी अक्षरांतला ई-मेल पत्ता तिनं दोनदा खोडून लिहिला. एवढं झाल्यावर मूळ मजकूर पाच ओळींचा. त्यातही विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून पुस्तकांची मागणी करता करता शेवटी प्रदर्शन भरवल्याबद्दल अभिनंदन. मागणीपत्र आणि अभिनंदनपत्र यांतलं एकच लिहायचं होतं.

सारांशाला यातलं काही लागत नाही. पहिल्या विभागात जो अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरचा उतारा सोडवलेला असतो, त्याचाच एक तृतीयांश आपल्या शब्दांत लिहायचा. उतारा एकदा वाचून त्यावरच्या कृती सोडवून झालेल्या असतात, म्हणजे नांगरलेल्या रानातच पेरणी. तीन तास आणि शेवटची १० मिनिटं, एवढ्यात ८० गुणांचा पेपर उरकायचा, तिथं हे उपयोगी पडतं.

खोट नाही असं नाही. उताराच डोक्यावरून गेला तर पहिल्या विभागातले गुण आणि हे सहा, दोन्हीकडं मार बसतो. पोरं सारांश म्हणून वाक्यं उचलतात ती वेगळीच. थोरलीला एकदा शाहू महाराजांवरचा बारा ओळींचा उतारा दिला. तिनं पहिली, तिसरी, पाचवी आणि शेवटची ओळ उतरवली. १९१७ साल आलं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं, पण पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड, हा कणाच गळाला. मग म्हटलं, वही मिट आणि आजीला फोनवर सांग. आजीला तिनं सांगितलं, "महाराजांनी शाळा फुकट केली, आणि पोरगं नाही धाडलं तर बापाला दंड!" हेच जरा नीट भाषेत लिहिलं की झाला सारांश. पंधरा दिवस रोज एक उतारा आणि आजीला फोन. बोर्डाला तिनं सारांशच लिहिला. गुणांचं म्हणाल तर प्रश्नवार कुठं कळतात, पण पेपर वेळेत संपवून ती हसत बाहेर आली.

बोर्डाचा ढाचा काही कायमचा नसतो. २०१९ ला नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी झाली, त्यात शाळेच्या हातातले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुणही काढलेले. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला आणि पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले. आता शासनाच्या वेळापत्रकानुसार दहावीची नवी पुस्तकं २०२८-२९ मध्ये यायची आहेत. माझा धाकटा यंदा आठवीत, म्हणजे नेमका तोच त्या पहिल्या तुकडीत. त्याला मी पत्राचा साचा आतापासून घोटायला लावलेला नाही. उतारे मात्र देतो. प्रश्नाचं रूप कसंही असलं तरी वाचलेलं थोडक्यात सांगता येणं वाया जाईल असं वाटत नाही.

भाच्याचं गणित वेगळं आहे. पाठांतर चांगलं, अक्षर वळणदार, पण उतारा दिसला की जांभई देतो. अशा पोराला पत्र सोयीचं पडेल, हे मान्य. तरी त्याला सांगितलंय, घटक चाचणीला पत्र लिही, सराव परीक्षेला सारांश, दोन्हीला घड्याळ लाव आणि मग ठरव. सरांना मात्र मामानं सांगितलं म्हणू नकोस.