अर्थिंग नसलेल्या जुन्या घरासाठी ३० एमएचा आरसीसीबी: घ्यावा का?

घ्यावाच. आरसीसीबी म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की सप्लाय तोडणारा स्विच आणि ३० एमए (मिलिअँपिअर) ही त्याची गळतीची मर्यादा. फक्त तो अर्थिंगची जागा घेतो असं समजून घेऊ नये.

जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटपर्यंत दोनच वायरी आलेल्या असतात, फेज आणि न्यूट्रल. आरसीसीबी या दोन्हींतला करंट सतत ताडून पाहतो. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत उतरला, की ट्रिप, म्हणजे स्विच पडून सप्लाय बंद. यासाठी त्याला अर्थची वायर लागत नाही, म्हणूनच जुन्या घरात तो इतका कामाचा. आयईसी ६१००८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३० एमएचा आरसीसीबी ३० एमए गळतीला ३०० मिलिसेकंदांत आणि १५० एमएला ४० मिलिसेकंदांत पडायला हवा. १०० आणि ३०० एमएचेही दिसायला तसेच असतात, पण माणूस वाचवायला ते चालत नाहीत.

आता मर्यादा. अर्थ नसेल तर फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरली तरी आरसीसीबी गप्प राहतो. कुणी हात लावला की मगच पडतो. झटका बसतोच, जीव वाचतो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली तर त्याला काहीच कळत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी एमसीबी वेगळा लागतो, किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ.

घेताना टू-पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि टाइप ए बघा. टाइप एसी थोडा स्वस्त मिळतो, पण वॉशिंग मशीन, संगणक अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या गळतीत डीसीचा अंश असतो आणि तिथे तो फसू शकतो. यंत्रणा इलेक्ट्रोमेकॅनिकल हवी. निव्वळ इलेक्ट्रॉनिक प्रकाराला स्वतःला सप्लाय लागतो, त्यामुळे सप्लायकडची न्यूट्रल तुटली की तो निकामी. मागे ३२ अँपिअरचा एमसीबी असेल तर ४० अँपिअरचा आरसीसीबी योग्य.

बसवणं परवानाधारक वायरमनचं काम. सगळ्यात जास्त डोकेदुखी न्यूट्रलची होते. जुन्या घरात दोन-तीन सर्किटच्या न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र पिळलेल्या असतात. फेज आरसीसीबीतून जाते, न्यूट्रल बाहेरून परतते आणि लोड दिला की लगेच ट्रिप. दोष आरसीसीबीचा समजून लोक तो काढून टाकतात. त्याऐवजी त्या सर्किटची न्यूट्रल वेगळी करून आरसीसीबीतूनच न्या. आधी इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरींचं इन्सुलेशन तपासा. १ मेगओहमच्या खाली आलं तर वायरिंगच बदलायला झालंय. गीझर लावला की ट्रिप होत असेल तर बहुधा कॉइलमध्ये ओल शिरलेली असते.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: थ्री-पिन सॉकेटमध्ये अर्थच्या टर्मिनलवरून न्यूट्रलला तुकडा जोडणं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण न्यूट्रल मागे कुठे सैल होऊन सुटली, की चालू उपकरणातून आलेली फेज थेट त्याच्या धातूच्या बॉडीवर उभी राहते. पाण्याच्या पाइपला अर्थ जोडणंही तितकंच वाईट. मध्ये एक प्लास्टिकचा तुकडा असला तर दोष आपल्या सॉकेटमध्ये आणि झटका दुसऱ्याच्या नळाला.

संगणकाच्या पत्र्याला हात लावला की येणाऱ्या मुंग्या आरसीसीबीने जात नाहीत. त्या पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून येतात आणि तो करंट ट्रिप व्हायला फारच कमी असतो. स्पाइक गार्डचं फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ संरक्षणही अर्थ नसेल तर शून्यच. गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज आणि एसीसाठी पाइपमधून हिरवी तांब्याची वायर ओढून खरं अर्थिंग करून घ्या. डबल इन्सुलेशनच्या उपकरणांना, म्हणजे ज्यांच्यावर चौकोनात चौकोन छापलेला असतो त्यांना, टू-पिन पुरतो.

चाचणी आरसीसीबीवरच्या ‘टी’ बटणानेच करा, महिन्यातून एकदा. प्लगमध्ये लावायचा टेस्टर गळती अर्थ पिनमधून सोडतो; अर्थच नसेल तर चांगला आरसीसीबीही त्याने पडणार नाही.