गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सी: सोलापूरच्या उन्हात कुठला डबा टिकतो

हार्डवेअरच्या दुकानात ‘फ्लोअर कोटिंग’ मागितलं की तीन वेगळ्या वस्तू पुढे येतात आणि रंगारी तिन्हींना सर्रास ‘इपॉक्सी’ म्हणून मोकळा होतो. एक, एकाच डब्यातला एनॅमल फ्लोअर पेंट. दोन, थिनरचा वास मारणारा दोन डब्यांचा सॉल्व्हंट इपॉक्सी. तीन, मधासारखा दाट सॉल्व्हंट-फ्री इपॉक्सी. पहिला गाडीखाली लावूच नये. निवड उरलेल्या दोघांत आहे.

सॉल्व्हंट इपॉक्सी स्वस्त पडतो, रोलरने सहज ओढला जातो, दिवाळीआधी लावला तर पाडव्याला छान चमकतो. पण हिशोब मांडून बघा. १२ बाय १८ फुटांचं गॅरेज म्हणजे २१६ चौरस फूट, साधारण २० चौरस मीटर. चार लिटरच्या सेटमध्ये निम्मं थिनर असेल तर ते उडून गेल्यावर फरशीवर उरतो तो १०० मायक्रॉनचा थर. झेरॉक्सचा कागद तेवढाच जाड असतो! त्यावर रोज गाडी वळवायची. स्टोअररूमला, जिन्याखाली हा सेट उत्तम. गाडीसाठी पाचपैकी दोन.

सॉल्व्हंट-फ्रीचा अर्धा मिलिमीटर थर द्यायचा तर त्याच गॅरेजला १० लिटर माल लागतो. खाली तीन-चार किलो प्रायमर आणि वर दोन लिटर पीयू (पॉलियुरेथेन) टॉपकोट, म्हणजे सगळ्यात वरचा थर. खर्च कितीतरी वाढतो, तरी गाडीसाठी हाच घ्यावा. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण कापला तो लावताना होणाऱ्या धावपळीबद्दल.

ती धावपळ उष्ण हवेमुळे होते. इपॉक्सीचे दोन भाग, बेस आणि त्याला कडक करणारा हार्डनर, मिसळल्यावर २५ अंशांना अर्धा तास हातात असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेळ जवळपास निम्मा होतो. मे महिन्यातल्या आपल्या दुपारी बादलीत ठेवलेला माल दहा मिनिटांत गरम होऊन धूर सोडतो आणि दगड बनतो. म्हणून काम गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, जानेवारीत काढावं. तेव्हाही सुरुवात संध्याकाळी चार-पाचनंतर, कोबा थंड होत असताना. सकाळी लावलं की कोबा तापत जातो, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि थरावर टाचणीच्या टोकाएवढे फोड उठतात.

मिसळण्याची रीत अशी: आधी बेस एकटा ढवळायचा, मग पूर्ण हार्डनर ओतून सावकाश फिरणाऱ्या ड्रिलने तीन मिनिटं. कडा खरवडून सगळा माल दुसऱ्या बादलीत घ्यायचा आणि पुन्हा ढवळायचा. हे टाळलं तर कडेचा न मिसळलेला माल फरशीवर कायम चिकट राहतो. मग बादली लगेच जमिनीवर रिकामी करायची, दातेरी पत्र्याने पसरायची, काट्यांचा रोलर फिरवायचा. अर्धा डबा ‘नंतरसाठी’ ठेवून उरलेला अंदाजाने मिसळू नये, प्रमाण हमखास चुकतं.

कोटिंग उखडलं की लोक कंपनीला शिव्या घालतात; दोष बहुतेक वेळा कोब्याचा असतो. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्यावर सिमेंटची कच्ची साय असते. इपॉक्सी त्या सायीला घट्ट धरतो, पण सायच कोब्याला धरून नसते. उखडलेला पोपडा उलटा करून पाहा: मागे राखाडी पूड दिसली तर साय काढलीच नव्हती. ती ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून घासून काढावी, व्हॅक्यूम आणि चांगला मास्क लावून. ॲसिडने धुण्याचा सल्ला मिळेल, पण नंतर भरपूर पाणी ओतून ते काढावं लागतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तेवढं पाणी कोण ओतणार? शिवाय वाफेने गेट आणि शटर गंजतं ते वेगळंच. घासल्यावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटभरात मुरला तर पुढे जा, मोत्यासारखा तरंगला तर अजून घासा.

ओल तपासायला दोन बाय दोन फुटांचं प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला तर इपॉक्सी लावू नका. नवा कोबा २८ दिवसांआधी तर नाहीच.

काळ्या मातीवर बांधलेल्या घरांत कोब्याला भेगा असतातच. स्थिर भेग व्ही आकारात कापून इपॉक्सी आणि सिलिका वाळूने भरावी. पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग कडक मालाने भरली तर शेजारी नवी पडते. तिथे पीयू सीलंटच.

शहाबादी फरशी असेल तर हा सगळा खर्च वाचवा. दगड हलला की सांध्यावर थर चिरतो. सांधे नीट भरून घ्या आणि सोडून द्या.

टॉपकोटवर काटकसर नको. हायवेवरून आलेल्या गाडीची तापलेली चाकं साध्या इपॉक्सीला नरम करतात, थंड होताना टायर आकसतो आणि थर ओढून घेतो. चार चाकांखाली चार चट्टे दिसतात ते याचेच. पीयू हे बऱ्याच अंशी थोपवतो. डब्यावर ‘ॲलिफॅटिक’ लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर पोर्चच्या उन्हात पिवळा पडेल. त्यात ८०–१०० मेशची बारीक वाळू मिसळली तर ओल्या चपलेने पाय घसरत नाही. इपॉक्सी आणि पीयू यांत एका दिवसापेक्षा जास्त अंतर पडलं तर पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा हात देऊ नये.

चालायला २४ तास, गाडीला सात दिवस. त्यानंतरही मोटरसायकलच्या साइड स्टँडखाली पत्र्याचा तुकडा ठेवा. त्या एका टोकावर येणारं वजन उन्हाळ्यात अर्ध्या मिलिमीटरलाही खड्डा पाडतं.