अरुंद पानाच्या कपाशीचे बियाणे: शिवारात उत्तम, सरकीबद्दलचा दावा अपुरा

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलच्या बाजारपेठेतील एका कृषी सेवा केंद्रातून गेल्या खरिपासाठी घेतलेल्या, भेंडीसारख्या चिरलेल्या पानांच्या संकरित बीटी कपाशीबद्दल हे लिहीत आहे. पाकीट नेहमीचे 475 ग्रॅमचे होते, सरकारने ठरवलेल्या कमाल किमतीच्या आत मिळाले आणि उगवणही एकसारखी झाली. मुद्दा आहे तो सोबतच्या पत्रकातील दाव्याचा: पान अरुंद असल्यामुळे सरकीत तेल आणि प्रथिने दोन्ही अधिक भरतात, असे त्यात म्हटले आहे. आमच्याकडे कापूस व्यापाऱ्याकडे गेला तरी सरकी पेंडीच्या रूपाने गोठ्यात परत येते. म्हणून म्हशी पाळणाऱ्याला हा दावा तपासून घ्यावाच लागतो.

शिवारातील कामगिरीबद्दल मी समाधानी आहे. काळ्या जमिनीत कपाशी माजली की सप्टेंबरच्या पावसात खालच्या फांद्यांत ओल कोंडते आणि बोंडे सडू लागतात. या वाणात ऊन-वारा बुंध्यापर्यंत पोहोचला, फवाराही खालच्या पानांवर बसला आणि शेजारच्या रुंद पानाच्या कपाशीपेक्षा बोंडसड उघड कमी राहिली. मात्र सरी उशिरा झाकली गेल्याने तणालाही ऊन मिळाले आणि भांगलणीचा खर्च वाढला. हलक्या, मुरमाड जमिनीत, जिथे झाड मुळातच लहान राहते, तिथे हे बियाणे घेण्यात मला फायदा दिसत नाही.

सरकीची गोष्ट इतकी सरळ नाही. बोंडाला लागणारी साखर मुख्यतः त्याच्याच जवळच्या पानांतून येते. पान चिरलेले असले की प्रत्येक पानाचे क्षेत्रफळ घटते, पण खालच्या पानांना ऊन मिळाल्याने तेथील बोंडांचे पोषण सुधारू शकते. म्हणजे एकाच झाडावर तोटा आणि लाभ दोन्ही संभवतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून निघून बियांकडे जाऊ शकतात, त्यामुळे पानांतील साठा किती आहे याला महत्त्व आहे. कॅल्शियम मात्र पानातून सहसा परत फिरत नाही. तेथे जमीन, मुळे आणि ओलावा यांचाच प्रभाव मोठा. शिवाय सरकीत प्रथिने वाढली की तेल बहुधा घटते. दोन्ही एकदम वाढल्याचे सांगणाऱ्याने प्रयोगशाळेचा अहवाल दाखवायलाच हवा, आणि तो पत्रकात नाही.

पानाच्या आकाराचा परिणाम वेगळा काढायचा, तर बाकी सर्व गुण जवळजवळ सारखे आणि फक्त पान वेगळे अशा वाणांच्या जोड्या शेजारी शेजारी लावाव्या लागतात. अमेरिकेत मिसिसिपीतील स्टोनव्हिल येथील शास्त्रज्ञांनी कपाशीच्या इतर गुणांसाठी अशा जोड्या वापरून सरकीतील प्रथिने, तेल आणि खनिजे मोजली आहेत. पानाचा हा आकार मुख्यतः एका जनुकातील बदलामुळे ठरतो, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे अशी जोडी तयार करणे पैदासकाराला अशक्य नाही. बाजारातील दोन संकरित वाणांत मात्र पानाबरोबर शेकडो गोष्टी बदलतात, म्हणून त्यांच्या सरकीतील फरकाचे श्रेय एकट्या पानाला देणे मला प्रामाणिक वाटत नाही.

सरकीत मुळातच असणाऱ्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याबद्दल पत्रक गप्प आहे, हे मला अधिक खटकते. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात त्याचा बराचसा अंश निष्प्रभ होतो, पण लहान वासरांचे तसे नसते. सरकीच्या पोषणाचा दाखला देऊन बियाणे विकायचे, तर ही सूचना पहिल्या ओळीत हवी. पत्रक कन्नड आणि इंग्रजीत आहे. सीमाभागातील मराठी शेतकऱ्यांसाठी ते मराठीतही द्यावे.

भारी जमीन आणि बोंडसडीचा त्रास असणाऱ्यांनी हे बियाणे जरूर घ्यावे. सरकीसाठी घेणाऱ्यांनी त्याच वावरात, त्याच खतावर रुंद पानाच्या कपाशीच्या काही ओळी लावाव्यात, दोन्हींची एकाच वेचणीची सरकी वेगळी ठेवावी आणि तेल, प्रथिने व ओलावा तपासून घ्यावा. पहिल्या वेचणीची सरकी शेवटच्या वेचणीशी ताडून पाहिली, तर फरक पानाचा की हंगामाचा, हे कळणार नाही.